जात्याचा गुण

ताडकळसच्या बाजारातून परतणाऱ्या गाडीवानानं दारात उभं राहूनच सांगितलं, "बाई, तुमची आक्का गेली." रझाकारांच्या धास्तीनं सांजेनंतर गाडी जुंपायला कुणी धजेना, म्हणून परभणीहून मी निघाले ती दुसऱ्या दिवशी उजाडता. आक्काच्या सासरी पोचले तेव्हा दिवस बुडत आला होता, सारं उरकलं होतं. आक्काचं तोंडसुद्धा दिसलं नाही... ओसरीवर पाय ठेवला आणि आतून आवाज आला. ठक्, ठक्. तो मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

आक्का माझी थोरली बहीण. तरुणपणीच विधवा झाली, पदरात एकच लेक, किसन. पोर बोलत नसे, आणि दिवेलागण झाली की भिंतीशी बसून डोकं आपटी. घरच्यांनी इलाजांचा सपाटा लावला. दर्ग्यावरचा ताईत गळ्यात, वैद्याचा काढा पोटात, वर आक्काला गुरुवारचे उपास. पोर एखाद्या सांजेला गप राहिलं की जो तो आपल्याच इलाजाचं नाव घेई. आक्का हट्टी, माझ्याहून हट्टी, म्हणजे बघा. तिनं एक दिवस सगळंच बंद केलं. म्हणाली, "एका येळी एकच. समदं एकदम दिलं तर गुण कशाचा, कसं कळावं?" आधी काही न देता नुसतं बघायचं, मग एक इलाज द्यायचा, मग तो काढून पुन्हा बघायचं. दर ठोक्याला ती कोळशानं भिंतीवर एक रेघ ओढी, दर सांजेची ओळ वेगळी. लेक डोकं आपटतोय आणि आई रेघा ओढत बसलीय! शेजारणी म्हणाल्या, हिचं काळीज दगडाचं. मीही मनात तेच म्हटलं.

ताईत झाला, काढा झाला. रेघा तेवढ्याच. मग एकदा पाहुणे आले, पीठ कमी पडलं, म्हणून आक्का अवेळी दळायला बसली. किसन सरकत सरकत आला आणि तिच्या मांडीला पाठ लावून बसून राहिला. तेव्हापासून ती रोज दिवेलागणीलाच दळू लागली, आणि रेघा विरळ होत गेल्या.

मामंजी, म्हणजे तिचे सासरे, मानायला तयार नव्हते. विकार आत दबलाय, विळा तापवून कपाळावर डागणी दिल्याशिवाय मुळातून जायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. डागणाऱ्याला निरोपही गेला होता. मी तेव्हा तिथंच होते. आक्का पदर सावरून उभी राहिली. "मामंजी, आज जातं थांबवते. रेघा वाढल्या तर जात्याचा गुण माना. न्हाई वाढल्या तर विळा तापवा."

ती सांज काही केल्या मला सोडत नाही. किसननं जात्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि भिंतीशी गेला. आक्का दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. रेघा मामंजी ओढत होते. एक ओळ संपली, खाली दुसरी सुरू झाली. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं तेव्हा त्यांनीच कोळसा टाकला. "दळ, पोरी... दळ." डागणाऱ्याला आल्या पावली परत पाठवलं. किसनच्या त्या डोळ्याची नजर मात्र गेली ती गेलीच. गाव म्हणे, आक्का जिंकली. मला ती एकदाच म्हणाली, "खात्री करायला लेकराचा डोळा दिला मी." मग मरेपर्यंत तिनं एक सांज चुकवली नाही. जोंधळा नसला तर रिकामं जातं फिरवी. रिकामं फिरवू नये म्हणतात, पण तिला कोण सांगणार?

म्हणून त्या दिवशी आवाज ऐकताच मी जात्याकडं धावले. सुतकात जातं फिरवत नाहीत, आक्काची जाऊ आडवी आली, मी ऐकलं नाही. मूठभर जोंधळा घातला, खुंटा धरला. किसनला आता मिसरूड फुटलंय. तो आला, मांडीला पाठ टेकून बसला. मला वाटलं, सुटलो. थोड्या वेळानं तो उठला आणि पुन्हा भिंतीशी गेला... पुढं मी आक्काचं लुगडं नेसून बसले, तिच्याच ओव्या म्हटल्या. काही उपयोग झाला नाही. एवढी पारखून घेणारी बाई, पण त्या खुंट्याला सांजेचा दुसऱ्या कुणाचा हात तिनं कधी लावूनच पाहिला नव्हता. त्या डोळ्यानंतर तिचा तो धीर झाला नसावा.

मी अजून परभणीला परतलेले नाही. त्या रेघांवर आक्कानं कधी सारवू दिलं नाही. दिवेलागणीला मी तिथं जाऊन बसते, किसनचं डोकं आणि भिंत यांच्यामध्ये तळवा धरते. ठोके तेवढेच पडतात. आवाज तेवढा येत नाही.