घासलेली जीभ

नव्वदच्या दशकात कोल्हापूर सोडून मी पुण्यात एका ऑफिसात लागलो. पहिल्याच आठवड्यात साहेबांना म्हणालो, "फाईल माझ्याकडंच हाय की," आणि अख्खं ऑफिस खदाखदा हसलं. माझं डोकंच फिरलं. पण राग त्यांच्यावर काढायचा सोडून मी माझ्याच जिभेवर काढला. रोज दाढी करताना आरशासमोर घोकायचो: आहे, नाही, हो. ऑफिसात चुकून 'व्हय' निसटला की टेबलाखाली मांडीला चिमटा काढायचो. वर्षभरात जीभ वळली. शेजाऱ्यांच्या फोनवर आई यायची आणि म्हणायची, "साहेबावाणी बोलतोयस की!" मला बरं वाटायचं, मूर्खाला.

पुढं शुगरनं वडिलांची नजर गेली. माणसं ते आवाजावरूनच ओळखायचे. रजा मिळत नाही म्हणून त्यानंतर दोन वर्षं मी घरी फिरकलो नव्हतो. त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा धावत आलो आणि खाटेवर टेकलो.

"आण्णा, मी आलो आहे."

वडिलांनी लगबगीनं पाय आवरले. "या पावणं, बसा. पुण्याचं दिसतायसा. आमचा पोरगा बी तिकडंच असतोय. कधी गाठ पडती का त्याची?"

"आण्णा, मीच हाय की!"

इतक्या वर्षांनी काढलेला तो 'हाय' नाटकातल्या गावंढळ नोकरासारखा वाजला. मला स्वतःलाच तो खोटा वाटला.

वडिलांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"आंधळ्याची चेष्टा करू नगासा, पावणं."