कंट्रोलच्या फोनवरचा एक शब्द

“मास्तर, या दोघाईले इथंच उतरवून घ्या. नाही तं डब्यातले लोक मलेच उतरवतीन.”

गार्ड वानखेडे माझ्या ऑफिसच्या दारात उभे होते. मागे पॅसेंजर गाडी उभी, आणि शेवटून दुसऱ्या डब्यात आरडाओरडा. मी असिस्टंट स्टेशन मास्तर होतो. नोकरीला आठ महिने झाले होते. वय पंचवीस, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचा तो काळ. स्टेशनचं नाव सांगत नाही, अजून तिथे ओळखी आहेत. पांढुर्ण्याच्या जवळचं, चार माणसांचं स्टेशन. पुढे थेट पांढुर्णाच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे पांढुर्ण्यात गोटमार. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. ती पाहायला सगळा मुलूख लोटतो. त्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती.

मी डब्यापाशी गेलो. संडासाजवळच्या बोळात एक बाई पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे. लुगडं ओलं होतं आणि खाली तांदूळ धुतल्यासारखं पाणी पसरलं होतं. तिचं डोकं मांडीवर घेऊन नवरा बसला होता. नाव गणपत, बायकोचं शेवंता. बैतुलकडे सोयाबीनच्या निंदणाच्या मजुरीला गेले होते, घरी परत चालले होते.

“केव्हापासून?”

“सकायपासून जी. पाणी पाजलं का उलटून राहिली. आता तं बोलून बी नाही राहिली.”

“लघवी?”

“सकायपासून नाही.”

वरच्या बाकावरून एक जाडसर गृहस्थ ओरडले, “मास्तर, विचारता काय? उतरवा न यायले! आमी काय मराले बसलो काय इथं?” हे सावरगावचे किराणा दुकानदार पुंडलिकराव. सकाळी बायकोच्या माहेराहून निघाले होते. नाव मला नंतर कळलं. आवाज मात्र तेव्हाच पाठ झाला.

गणपतने माझा पाय धरला. “साहेब, आमाले इथं नका उतरवू जी. इथं कोनी नाही.”

खरंच होतं. माझ्या स्टेशनवर एक खाट, एक पाण्याचा माठ आणि मी. डॉक्टर नाही, पावसामुळे रस्ता नाही. संसर्गजन्य रोगाचा माणूस गाडीतून उतरवता येतो, असं नियमात लिहिलेलं होतं. उतरवून ठेवायचा कुठे, हे लिहिलेलं नव्हतं. तिथे उतरवली असती तर संध्याकाळपर्यंत शेवंताबाई गेली असती. आणि गोटमारीमुळे त्या दिवशी पांढुर्ण्यात बाहेरगावचे डॉक्टर आलेले, सलाइनच्या बाटल्यांचा साठा केलेला. पोहोचायला पाऊण तास पुरेसा होता.

“वानखेडे, यांना तुमच्या ब्रेकव्हॅनमध्ये घ्या.” ब्रेकव्हॅन म्हणजे गाडीच्या शेपटाला असलेला गार्डचा डबा. तिथे दुसरा प्रवासी नसतो.

“तिथं माहा जेवनाचा डब्बा हाय, मास्तर!”

“तो इकडे द्या. मी जेवतो.”

वानखेडेंनी डबा माझ्या हातात दिला. मग त्यांनीच बाईचे पाय उचलले. आम्ही तिघांनी तिला ब्रेकव्हॅनमध्ये निजवलं. डब्यातले लोक गप्प झाले. पुंडलिकराव पाय पसरून बसले. मला स्वतःचं कौतुक वाटलं. इथेच मी थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

आमच्याकडे दोन फोन असत. एक ब्लॉकचा. तो फक्त शेजारच्या स्टेशनशी बोलायचा, दोघांतलं दोघांत राहायचं. दुसरा कंट्रोलचा. नागपूरला बसलेला कंट्रोलर त्यावरून गाड्या हलवायचा, आणि एकाच तारेवर सगळी स्टेशनं जोडलेली असत. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. दुपारचं काम नसलं की लोक करमणूक म्हणूनही रिसीव्हर कानाला लावून बसत. हे मला माहीत होतं. मीही तेच करायचो.

मी कंट्रोलचा फोन उचलला. सरळ म्हणालो, “पॅसेंजरमध्ये हैजाचा पेशंट आहे. पांढुर्ण्याला डॉक्टर आणि स्ट्रेचर पाहिजे.”

हैजा म्हणजे कॉलरा. आमच्याकडे हाच शब्द. तारेवर खट, खट, खट असे रिसीव्हर उचलल्याचे आवाज आले. मग कंट्रोलर शांतपणे म्हणाला,

“मास्तर, तुम्ही डॉक्टर आहात?”

“नाही साहेब.”

“मग हैजा कोणी सांगितला?”

“लक्षणं तीच दिसतात.”

“मग लक्षणं सांगा ना! किती उलट्या, किती जुलाब, शुद्धीवर आहे का, कुठे ठेवली आहे. बाकीच्यांना वेगळं केलं का. मला ते पाहिजे. नाव कशाला ठेवता?”

मी सगळं सांगितलं. त्याने लिहून घेतलं. गाडीला मी हिरवा झेंडा दाखवला. ती वळणाआड गेली. रजिस्टरची कामं उरकून दीडेक तासाने मी वानखेडेंचा डबा उघडला. झुणका-भाकर होती. दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात ब्लॉकचा फोन खणखणला.

पांढुर्ण्याचे नारनवरे साहेब, वीस वर्षं नोकरी झालेले जुने मास्तर, बोलत होते. “अरे बापा, काय बोलून बसले तुमी?”

त्यांच्या ऑफिसमध्ये चार माणसं बसली होती. फोनवरचा शब्द एकाने ऐकला, दुसऱ्याने दारात सांगितला. प्लॅटफॉर्मवर परतीच्या गाडीसाठी गर्दी होती. हैजाची गाडी येत आहे, एवढं कळताच चहावाल्याने स्टोव्ह विझवला, हमाल नाहीसे झाले, आणि लोक रुळांवर उतरून पळत सुटले. रुळांवर माणसं, म्हणून गाडी आउटरला थांबवावी लागली. आउटर म्हणजे स्टेशनच्या बाहेरचा सिग्नल.

पळणारे लोक नेमके त्या उभ्या गाडीजवळून गेले. कोणीतरी ओरडलं, “उतरा रे, हैजा हाय! पुऱ्या डब्ब्याले दवाखान्यात कोंडतीन, सुया टोचतीन!”

कोंडण्याचं मी काही बोललो नव्हतो. पण माझ्या एका शब्दाला वाटेत हातपाय फुटले होते. शेवटून दुसरा डबा दोन मिनिटांत रिकामा झाला. पुंडलिकराव पिशवी सोडून उडी मारून गेले. सगळे शेतांतून, कपाशीच्या पऱ्हाटीतून, मेळ्याच्या गर्दीत.

गाडी आत घेतली तेव्हा स्ट्रेचर होतं, उचलायला माणूस नव्हता. नारनवरे साहेबांनी टोपी टेबलावर ठेवली आणि एक बाजू स्वतः धरली. दुसरी वानखेडेंनी. बाहेर डॉक्टर मॅडम जीप घेऊन उभ्या होत्या. डोकी फुटलेल्यांची रांग सोडून आल्या होत्या. त्यांनी जीपमध्येच सुई लावली. बाटली गणपतने वर धरली.

मग त्यांनी विचारलं, “त्या डब्यातले बाकीचे कुठे आहेत?”

नारनवरे साहेबांनी मोकळ्या डब्याकडे बोट दाखवलं.

“मला तेच पाहिजे होते,” मॅडम म्हणाल्या. “कोणी कुठलं पाणी प्यायलं ते विचारायचं होतं. गोळ्या द्यायच्या होत्या. घरी जाऊन काय करायचं ते सांगायचं होतं. आता कुठे शोधू?”

हे साहेबांनी मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं.  मी डबा झाकून ठेवला.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. हैजाच होता. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. त्याच दिवशी नागपूरहून इन्स्पेक्टर साहेब चौकशीला आले. मी छाती काढून म्हणालो, “साहेब, माझं खरं निघालं.”

“निघालं.”

“मग माझं चुकलं काय?”

“तुला आज कळलं की तू बरोबर होतास. बोललास चार दिवसांपूर्वी. डबाभर माणसं मधल्या चार दिवसांत कुठे कुठे जाऊन आली, ते सांग.”

 त्यांनी मेमो दिला, म्हणजे लेखी ठपका. मी सही केली. ब्रेकव्हॅनबद्दल शाबासकीचं एक वाक्यही त्यांनी त्यात लिहिलं होतं. ते मी बऱ्याच वर्षांनी नीट वाचलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सौंसरला घरी जायचं सोडून मी पांढुर्ण्याच्या दवाखान्यात गेलो. शेवंताबाई उठून बसली होती. मी कोण ते सांगितलं. बारीक आवाजात म्हणाली, “तुमीच का थे मास्तर? बसा जी.” पण गणपत तिच्याजवळ नव्हता. तो पलीकडच्या खाटेवर वाकून कोणाला तरी चमच्याने साखर-मिठाचं पाणी पाजत होता.

खाटेवर पुंडलिकराव होते. ओळखूच येईनात. जाडसर माणूस पिळून वाळत घातल्यासारखा झाला होता. गाडीनंतर दोन दिवसांनी त्यांना सुरू झालं. हैजा म्हटलं तर कोंडतील, म्हणून घरात लपवलं. आणलं तेव्हा नाडी लागत नव्हती. सकाळी एका स्टेशनबाहेरच्या विहिरीचं पाणी डब्यातल्या सगळ्यांनी भरलं होतं, आणि गणपत-शेवंता आदल्या रात्री त्याच विहिरीपाशी मुक्कामाला होते, हेही आता कळलं होतं. त्यांच्या घरची माणसं भीतीने वऱ्हांड्याच्या पायरीवर बसून होती. आत येत नव्हती.

त्यांनी डोळे उघडले. “मास्तर... थे फोनवर तुमीच बोल्ले होते न?”

“हो.”

“थांबलो असतो तं त्याच दिवशी गोळ्या भेटल्या असत्या म्हनते मॅडम.”

 लाज वाटली, एवढंच सांगतो. गणपतने चमचा पुढे केला. “बोलू नको भाऊ. पाणी पे. घोट घोट पे.”

“उतरवा न यायले” म्हणून हाच माणूस डब्यात ओरडला होता. गणपतला ते आठवत नसेल असं नाही.

पुंडलिकराव वाचले. पुढे नोकरीत नवीन पोरं हाताखाली आली, त्यांना मी पहिल्या दिवशी एकच धडा दिला: दिसलं ते सांगा, बारसं डॉक्टरांना करू द्या, आणि आधी बघा की फोन कुठला उचलला आहे. पोरं मान डोलवायची. म्हातारा जरा जास्तच सांगतो, असं त्यांना वाटत असणार.

पण त्या डब्यात पुंडलिकराव एकटे नव्हते. एक बाई तान्हं लेकरू घेऊन खिडकीशी बसली होती, दोन म्हातारे होते, फेटेवाल्यांचा एक घोळका होता. तेच पाणी त्यांनीही भरलं होतं. ते कुठल्या गावचे, घरी गेल्यावर त्यांचं काय झालं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.