समुद्राच्या पाण्यात अंडं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतानासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, कारण उद्या सकाळी हेच मला चौथीच्या वर्गासमोर सांगायचंय. आणि तिथे पहिल्यांदाच तोंड उघडलं तर शब्द फुटतील की नाही – माझा माझ्यावर भरवसा नाही.

गोष्ट एका अंड्याची आहे. हसलात ना? हसा. मीही कित्येक वर्षं हेच स्वतःला सांगत आले – एवढंसं अंडं ते, त्याचं काय घेऊन बसायचं?

मी प्राथमिक शिक्षिका. आमच्या सिंधुदुर्गात विज्ञानाच्या 'करून बघा' उपक्रमांसाठी माझं थोडंफार नाव आहे. करवंट्यांचा तराजू, फुग्यावर पळणारी गाडी, पपईच्या देठाची पिपाणी करून आवाज कसा निघतो ते दाखवणं – असला सगळा पसारा मी पिशवीत घेऊन फिरते. सहकारी चिडवतात, बाई आल्या की भंगारवाला आला. शिक्षकांच्या प्रशिक्षणांत मला बोलावतात आणि तिथे मी एक वाक्य हमखास टाकते: मूल उगाच काही बोलत नाही, ते काहीतरी बघून बोलत असतं. मग सगळे मान डोलावतात. हे वाक्य मला कुठे सापडलं, ते मात्र मी कधी सांगितलं नाही. सांगणार तरी कशी?

तर ते सांगते.

माझी नेमणूक मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत झाली तेव्हा मी नवीन होते. गावाचं नाव राहू दे. वाळूची एक लांब पट्टी आहे, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधे माडांत आमची शाळा. मी कणकवलीची. मासे ओळखता येतात, पण समुद्र म्हणजे पाहुणे आले की दाखवायला न्यायची जागा, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. प्रशिक्षणात मी एक प्रयोग शिकून आले होते. साध्या पाण्यात अंडं बुडतं, मिठाच्या पाण्यात तरंगतं. माझं डोकं चाललं – आपल्या दारात एवढा खारा समुद्र असताना मीठ कशाला वाया घालवावं? समुद्राचंच पाणी आणू. बाहेरून साहेब शाळा बघायला येणार होते. त्यांना असं काही दाखवायचं, की या बाईंनी परिसराचा कसा उपयोग केला म्हणून ते खूश होतील. आधी एकदा करून बघावं, एवढंही मला सुचलं नाही. 'करून बघा' शिकवणारी मी.

पाणी आणायचं काम मी अक्षताला दिलं. चौथीतली मुलगी. घरची रापण – म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारं घर. पोर बोलायची कमी, पण एखादी गोष्ट दिली की तिच्या मागे लागायची. सकाळी कॅन भरून आली, केस वाऱ्याने विस्कटलेले, परकराचा काठ ओला.

प्रार्थनेच्या आधी मी कोंबडीचं ताजं अंडं बरणीतल्या त्या पाण्यात सोडलं. ते सरळ तळाला गेलं.

आज मला कारण ठाऊक आहे, आणि ते अगदी साधं आहे. समुद्र खारट असला तरी ताजं अंडं उचलून धरण्याइतकं मीठ त्यात नसतं. केवढा सुंदर धडा होता तो, नाही का? पोरांना विचारायचं, हे का बुडलं, आणखी किती मीठ लागेल, चला, चमचा चमचा घालून बघू. पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त साहेबांची गाडी होती. मी पोषण आहाराच्या खोलीत गेले, मिठाच्या डब्यात हात घातला आणि मुठी भरून बरणीत टाकल्या. घाबरून जरा जास्तच टाकल्या. ढवळलं, पाणी निवळायला ठेवलं, हात पदराला पुसले.

मग साहेब आले. विहिरीच्या पाण्यात अंडं बुडालं. 'समुद्राच्या' पाण्यात तरंगलं. टाळ्या, फोटो, सगळं झालं. आणि मागून अक्षता उभी राहिली. कुणी तिला विचारलं नव्हतं.

"बाई, आमच्या घराकडे बुडला. काल मी करून बघलंय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. – इथे मी नेहमी थांबते. मनातल्या मनात सांगतानासुद्धा. तुम्हाला वाटेल, मीठ घालणं हाच माझा गुन्हा. तो नव्हे. त्यापुढे जे केलं ते.

मी हसले. शाळेत प्रमाण मराठी बोलणारी मी मुद्दाम मालवणीवर आले, सगळ्यांना हसू यावं म्हणून. म्हटलं, "खाडयेचा पाणी घेतलं असशील गो. खाडी खंयची नि दर्या खंयचो, ता तुका कळणा नाय?"

म्हणजे घरी तिने खाडीचं कमी खारट पाणी घेतलं, म्हणून अंडं बुडालं, असं. वर्ग खो खो हसला. साहेबही हसले, आणि तिला म्हणाले, बाळ, निरीक्षण नीट करावं. ती खाली बसली.

हे नुसतं एका मुलीला चूक म्हणणं नव्हतं. ज्या गावात एका बाजूला खाडी आणि एका बाजूला समुद्र, जिथे चालायला लागलेल्या पोरालाही पाण्याचा रंग आणि वारा कळतो, तिथल्या रापणवाल्याच्या लेकीला चारचौघांत 'तुला खाडी आणि दर्यातला फरक कळत नाही' म्हणायचं – याहून हलकं तिला काय करता आलं असतं? दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला 'खाडी' म्हणून हाका मारू लागली. वर्ष संपेपर्यंत. मी ऐकत होते. एकदाही कुणाला गप्प केलं नाही. गप्प केलं असतं तर 'का' ते सांगावं लागलं असतं.

त्यानंतर अक्षता वर्गात फळ्यावरून उतरवलेली उत्तरं द्यायची. अगदी बरोबर द्यायची. मला त्याचा आनंद झाल्याचं नाटकही मी केलं.

पुढे माझी बदली झाली, आणखी एकदा झाली. अंड्याचा प्रयोग मी करत राहिले, पण नळाचं पाणी आणि पुडीतलं मीठ घेऊन. किनाऱ्यावरच्या एखाद्या शिक्षिकेने विचारलंच, बाई, समुद्राचं पाणी चालेल का, तर मी म्हणायची, मीठच घ्या, सोपं पडतं. लाज वाटायची का? वाटायची. पण चहा येईपर्यंत.

यंदा बदल्यांच्या फेऱ्यात फिरून मी पुन्हा त्याच शाळेत आले. अक्षता आता मोठी झालीय, पर्यटकांना होडीतून खाडीच्या मुखाशी डॉल्फिन दाखवायला नेते. तिची भाची, तन्वी, माझ्याच चौथीच्या वर्गात. परवा मी नेहमीसारखा प्रयोग मांडला – पाणी, मीठ, अंडं – आणि सवयीने बोलून गेले, समुद्रातही असंच तरंगतं. तन्वी उभी राहिली.

"नाय बाई, दर्यात बुडता. माझ्या आतयेन दाखवल्यान."

तीच खोली. जवळपास तेच वाक्य. आणि खरं सांगू? माझ्या ओठांवर तेच जुनं उत्तर तयार होतं. जीभ उचललीसुद्धा होती. पण पोर बसेना. माझ्याकडे बघत उभीच राहिली, कंबरेवर हात ठेवून, मी काय म्हणते याची वाट बघत. तिला घरी कुणीतरी सांगून ठेवलं असावं की आपण बघितलेलं असलं तर बसायचं नाही. कुणी, ते मला कळलं, आणि माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, बरं, शनिवारी दर्याचं पाणी आणू आणि सगळे मिळून बघू. वर्गात लगेच दोन तट पडले. बुडणारवाले आणि तरंगणारवाले अजून भांडतायत. वर्ग इतका जिवंत मी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता.

आज शाळा सुटताना अक्षता तन्वीला न्यायला आली. मी ठरवूनच फाटकापाशी गेले होते, सगळं सांगायचं म्हणून. तिनेच आधी सुरुवात केली, पाणी आणायचं काम स्वतःकडे घेत. "बाई, उद्याचा पाणी मीच हाडतंय. दर्याचा हां." हसली. मग तन्वीच्या पाठीवरचं दप्तर काढून घेत, सहज काहीतरी आठवल्यासारखं म्हणाली, "त्या दिवसा साहेब गेल्यार बरणी मीच धुतलंय. धुवच्या आदी पाणी चाखलंय. दर्याचा पाणी तितक्या खारट नसता."

म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. चौथीतल्या मुलीने घरी करून बघितलं, वर्गात खोटं ठरल्यावर पुन्हा तपासून बघितलं, आणि बरोबर निष्कर्षाला आली. आणि मग वर्षभर 'खाडी' ऐकत बसली. कुणाला का सांगितलं नाहीस, हे मी विचारलं नाही. ज्या बाईंनी तिचं ऐकायला हवं होतं, त्यांनीच तर मीठ घातलं होतं.

आणि मी काय बोलले असेन? एवढी आयती संधी समोर उभी असताना मी विचारलं, उद्या किती वाजता येशील. ती वेळ सांगून निघून गेली. तन्वी तिच्या पुढे उड्या मारत, बुडता, बुडता, म्हणत चालली होती. मी फाटकाला धरून उभी राहिले.

म्हणून आज हे तुमच्यापाशी बोलून घेतलं. उद्या तन्वी बरणीत पाणी ओतेल. अंडं तळाला जाईल आणि अर्धा वर्ग ओरडेल. मग मीठ चमच्याचमच्याने घालू, ते वर येताना पोरं आपल्या डोळ्यांनी बघतील. पण त्याआधी, अंडं खालीच असताना, मी त्यांना सांगेन – अक्षता थांबली तर तिच्यासमोर, नाही थांबली तरी – की याच खोलीत ते आधीही बुडालं होतं. तिने आणलेलं पाणी समुद्राचंच होतं. मीठ मी घातलं होतं.