दोन टाक्या आणि म्हातारी मासोळी

आमचे हे मत्स्यालयात माशांची देखभाल करायचे. घरीसुद्धा पाण्यातून चालल्यासारखे हळूहळू चालत. हाक मारली तर 'ओ' यायला मिनिट लागे. मी खाली खिडकीवर तिकिटं फाडायचे. दिवसभर शब्दांची आतषबाजी एकट्या माझीच.

त्या वर्षी लहान टाक्या गळायला लागल्या. चौदा माशांसाठी मोठ्या दोनच उरल्या. "मावणार नाहीत ते व्यापाऱ्याला देऊन टाका," साहेब म्हणाले. ह्यांचा चेहराच उतरला.

मासे झाले म्हणून काय, त्यांच्यातही काहींमधून विस्तव जात नाही. कोणाचं कोणाशी वाकडं, ते सगळं ह्यांच्या वहीत होतं. दुपारी मत्स्यालय बंद असताना आम्ही निळसर उजेडात फरशीवर बसलो. ह्यांनी खडूने चौदा गोल काढले, प्रत्येकात एका माशाचं लाडकं नाव लिहिलं आणि वैऱ्यांना रेघांनी जोडलं.

"काण्याला लाल कर. त्याचे सगळे वैरी निळे. ते संपले की त्यांचे वैरी लाल. एक फेरी पुरी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही."

लाल एका टाकीत, निळे दुसरीत. गोल तरंगांसारखे रंगत गेले. मला गुंगी आल्यासारखं झालं.

"अहो, फुगीर आणि म्हातारी दोघं लाल आले. त्यांच्यात तर रेघ आहे!"

"पाच जणांचं कडं आहे ते," हे म्हणाले. "एकाआड एक रंगवलं तरी पाचवा पहिल्याच्याच रंगाचा येणार. दोन रंगांत बसणारच नाही. कुठूनही सुरू कर."

म्हणजे एकाला जावं लागणार. आणि साहेब म्हातारीकडेच बोट दाखवणार; तिला बघायला थांबतंय कोण? मला भडभडून आलं.

ह्यांनी वही उघडली. सात वर्षांपूर्वीची नोंद: 'म्हातारी फुगीरच्या बाजूच्या काचेवर धडका मारते.'

"झुंजताना पाहिलंत?"

"नाही. त्या दिवशी नवा दिवा लावला होता."

उठून ह्यांनी म्हातारीच्या टाकीवरचा तो दिवा लावला. शेजारची फुगीरची टाकी गळल्यामुळे आता रिकामी होती. तरी म्हातारी काचेवर धडकली, पुन्हा धडकली. काचेत तिला तिचंच प्रतिबिंब दिसत होतं.

दिवा विझवून ह्यांनी फुगीरला मोठ्या टाकीतून जाळीने उचललं आणि तिच्या पाण्यात सोडलं. दोघं एकमेकांभोवती सावकाश फिरले आणि तळाशी शेजारी शेजारी विसावले.

मी आनंदाने त्या दोघांमधली रेघ पुसून टाकली; आता चौदाही जण दोन टाक्यांत बसत होते. हे मात्र काचेला कपाळ टेकून उभे होते.

"सात वर्षं एकटी ठेवली गं मी तिला."