ओल्या पडद्याची परीक्षा

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं आणि दरबारच्या कचेरीतली वडिलांची खुर्ची गेली. ते म्हणाले, "एवढ्यानं काय होतं?" मग मध्य भारत हे नवं राज्य झालं, कचेऱ्यांची पांगापांग झाली आणि त्यांचे संध्याकाळचे सोबती एकेक करून इंदूरला गेले. तेव्हाही ते तेच म्हणाले. आई आधीच वारली होती. दौलतगंजच्या घरात आम्ही दोघंच उरलो. उन्हाळ्यात लूचा भाजणारा वारा सुटला की दाराला वाळ्याची ताटी लागायची आणि तिच्यावर पाणी मारायचं काम माझं असायचं.

नोकरीतही मी तेच करत होतो म्हणा. हजिरा भागातल्या एका कापडगिरणीत हवा कोरडी पडली की मागावरचं सूत तटातट तुटायचं. त्यावर उपाय म्हणून आमच्या सरकारी तपासणी-खोलीकडे एक यंत्र आलं होतं. मोठा पंखा आणि त्याच्यापुढं सतत भिजत राहणारा जाड कापडी पडदा. त्यातून हवा ओलावा घेऊन यायची. यंत्र पास झालं तर खोली ग्वाल्हेरला राहणार होती. नापास झालं तर खोलीला कुलूप आणि मी भोपाळला, कारण आता मध्य प्रदेश झाला होता आणि सगळा कारभार तिकडं निघाला होता.

मी संख्याशास्त्र शिकलेला माणूस. पंख्याचा वेग, पाण्याची धार, पाण्याची ऊब, या तिन्ही गोष्टी मी आखून, एकत्र बदलत होतो. त्या आकड्यांतून चढउतारांचा एक नकाशा तयार होतो आणि यंत्राचं काम कुठं सगळ्यात चांगलं होईल ते कळतं. माझा नकाशा अर्धा झाला होता. तेवढ्यात नवे साहेब आले. उंटावरचे शहाणे.

"एक बार में एक चीज़ बदलिए," ते म्हणाले. "खिचड़ी मत पकाइए."

नुसता पंखा वाढवला. पडदा वाळला, सूत तुटलं. नुसतं पाणी वाढवलं. ते ठिबकलं, कापडावर डाग पडले. नुसतं पाणी कोमट केलं, काहीच झालं नाही. मी सांगून पाहिलं की पंखा आणि पाणी दोन्ही एकत्र वाढवा, वारा नसताना ताटीवर पाणी ओतलं तर उंबऱ्यात चिखलच होतो, हे इथल्या घराघरात ठाऊक आहे. पण ज्याच्या हाती ससा तो पारधी. यंत्र नापास झालं. त्या माणसाचा राग मला अजून येतो.

वडिलांना भोपाळला चला म्हणून खूप विनवलं.

"मला इथंच बरं लागतं रे," ते म्हणाले. "तू जा. एवढ्यानं काय होतं?"

मे महिन्यात रजेवर आलो तर ताटी कोरडी ठणठणीत. भरलेली बादली त्यांना उचलवत नव्हती आणि शेजाऱ्यांना सांगायची लाज वाटत होती. रजा होती तोवर मी पाणी मारलं. पावसाळ्याआधीच ते गेले.

डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर होतं. शेजारी म्हणाले, लू लागली. मामा म्हणाला, वय झालं होतं. भोपाळला परतलो तेव्हा तेच साहेब, आता तिकडं आलेले, म्हणाले की बदल्या तर सगळ्यांच्याच होतात, त्यानं कुणाचा बाप मरत नाही.

एकेक घेतलं, तर कुणाचंच चुकत नव्हतं.