कोपिलोव पासपोर्ट तपासतो

सकाळचे सात चाळीस. मार्चमधला पहिला मंगळवार. पॉलिक्लिनिकच्या दुसऱ्या मजल्यावर, ईसीजीच्या बारा नंबर खोलीबाहेर, रोदिओन साविच कोपिलोव बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून उभा होता आणि आपल्याच खेळाडूंचे पासपोर्ट तपासत होता. पासपोर्ट उघडायचा, फोटो बघायचा, समोरचा चेहरा बघायचा, पासपोर्ट परत द्यायचा. या माणसांना तो वर्षानुवर्षं सराव देत होता, त्यांच्या सासवांची नावंही त्याला ठाऊक होती.

"साविच, कालपासून मी बदललो नाही हो," गोलरक्षक म्हणाला.

"फोटोत दाढी नाही."

"काढून येऊ?"

"नको. पुढे सरक."

बाकावरची मंडळी हसली. 'बाकेन' या फुटबॉल क्लबात या प्रकाराला सीमा ओलांडणं म्हणतात. हंगामापूर्वीची वैद्यकीय तपासणी प्रत्येक संघाची होते, पण तिथे प्रशिक्षक स्वतः पहाऱ्याला उभा राहतो असं दुसरीकडे कुठे ऐकिवात नाही. कोपिलोव नऊ वर्षं उभा राहतोय. का, ते त्याने कधी सांगितलं नाही.

तो याच गावचा. कामा नदीकाठचं झारेचिन्स्क हे बंदराचं गाव. बाप साव्वा गाळ उपसणाऱ्या जहाजावर इंजिन सांभाळायचा. मुलगा नवव्या वर्षी क्लबच्या शाळेत गेला, अठराव्या वर्षी पहिल्या संघात आला आणि मधल्या फळीत सोळा हंगाम खेळला. सामने तीनशे एक्याण्णव, गोल बावीस. गोल करणं हे त्याचं कामच नव्हतं. चेंडू हिसकायचा, मान वर करायची, मोकळ्या माणसाला चेंडू द्यायचा आणि पुन्हा धावायला लागायचं. एकदा मोठ्या शहरातल्या संघाने त्याला नेलं आणि राखीव खेळाडूंत बसवलं. चार महिन्यांत तो परत आला. विचारलं तर एवढंच म्हणायचा, "तिथे माझ्याकडे कोणी चेंडू मागत नव्हतं."

इथे मागणारा होता. ग्लेब स्त्रेल्निकोव आठ हंगाम त्याच्या शेजारी खेळला. कोपिलोव धावायचा आणि ग्लेब विचार करायचा, असं बंदरावरचे लोक म्हणत. एका वर्षी मार्चमध्ये ग्लेबच्या ईसीजीत काहीतरी निघालं. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला बोलावलं. पहिला सामना नऊ दिवसांवर होता. त्या काळी पासपोर्ट कोणी बघत नसे. स्त्रेल्निकोव अशी हाक आली आणि कोपिलोव उठून आत गेला. पुढची दोन वर्षंही तोच गेला.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात, परगावच्या सामन्यात, अडुसष्टाव्या मिनिटाला ग्लेब मैदानाच्या मध्यावर खाली बसला. बुटाची नाडी सुटली असेल, असं पंचांना वाटलं. तो उठला नाही. एकतीस वर्षांचा होता. चौकशी झाली. फाइलीत तीन निर्दोष ईसीजी होते. मृत्यू आकस्मिक ठरला. कोपिलोव त्यानंतर चार हंगाम खेळला, गुडघा गेल्यावर चार वर्षं क्लबच्या शाळेत शिकवत राहिला आणि मग पहिला संघ त्याच्या हाती आला. तो अशा समजुतीत होता की झालं ते आपल्याशिवाय फार तर एकीला कळलं असेल, आणि ती म्हणजे बारा नंबरमधली परिचारिका झोया येव्सेयेव्ना. ती तेव्हाही तिथेच होती.

आठ वाजून पाच मिनिटांनी क्लीम तपासणी आटोपून, शर्टाची बटणं लावत बाहेर आला. तो चोवीस वर्षांचा, मधल्या फळीतला. कप्तान रुशान गालेयेवच्या शेजारी खेळतो. बाहेर येऊन तो रुशानजवळच बसला. त्याच्या मागोमाग आणखी दोघं जाऊन आले.

मग दार किलकिलं झालं. "गालेयेव!"

रुशान जमिनीकडे बघत बसून राहिला. क्लीम उठला. त्याच्या हातात रुशानचा पासपोर्ट होता.

"क्लीम," कोपिलोव म्हणाला, "तुझं झालंय."

"ते... माझा पुन्हा काढायचाय म्हणे."

"हाक गालेयेवला आली."

बाकावर कोणी हसलं नाही. कोपिलोवने पासपोर्ट काढून घेतला, दार ओढून घेतलं आणि दोघांना जिन्याकडे नेलं.

"कधीपासून?" त्याने रुशानला विचारलं.

"डिसेंबर. चौथ्या मजल्यावर राहतो ना, तिसऱ्यावर थांबावं लागतं."

"आणि धावताना?"

"धावताना काही होत नाही. धावताना उलट बरं वाटतं."

"बायकोला माहीत आहे?"

"तिला वाटतं मी सिगारेट ओढायला थांबतो."

क्लीम मध्ये पडला. "साविच, दोष माझा आहे, मीच म्हटलं त्याला. पण तुम्ही तरी आम्हाला अडवू नका. तुम्ही ग्लेबसाठी हेच केलं होतं."

कोपिलोवने कठड्यावर हात ठेवला. "कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना ठाऊक आहे. मी संघात आलो त्याच आठवड्यात मला सांगितलं. तुझ्यासारखी पोरं ईसीजीला घाबरतात, आणि इथे एक माणूस मित्रासाठी तीनदा झोपून आला, असं म्हणाले."

"आणि पुढचं?"

"पुढचं काय?"

"ग्लेब कशाने गेला?"

"हृदयाने. मैदानात."

"त्याच्या फाइलीत ईसीजी कोणाचे होते?"

क्लीमने रुशानकडे पाहिलं. ड्रेसिंग रूममध्ये दोन्ही गोष्टी इतकी वर्षं सांगितल्या जात होत्या, एक कोपिलोवच्या मैत्रीची आणि एक ग्लेबच्या मरणाची. दोन्ही एका दमात कोणी सांगितल्या नव्हत्या.

"त्या वेळी तो महिनाभर थांबला असता," कोपिलोव म्हणाला. "मोठ्या डॉक्टरकडे गेला असता. मला त्याच्याशिवाय खेळायचं नव्हतं. मैत्री म्हणतात ती एवढीच."

खालच्या मजल्यावर कोणीतरी नव्याने आलेला विचारत होता, रांगेत शेवटचं कोण. एका बाईने ओ दिली.

"मी तेहेतीस वर्षांचा आहे, साविच," रुशान म्हणाला. "एक हंगाम. आत्ता थांबलो तर मला परत कोण घेईल?"

"कोणी नाही."

"खोटं तरी बोला."

"आत तू जायचंस. नाही गेलास तर मी यादीतून नाव काढतो. गेलास तर काय ते डॉक्टर ठरवतील."

"म्हणजे दोन्हीकडून मी बाहेर."

"बहुधा."

"तुमचं बरं होतं. गुडघाच गेला."

"हो," कोपिलोव म्हणाला. "माझं बरं होतं."

रुशानने हात पुढे केला, आपला पासपोर्ट घेतला आणि बारा नंबरमध्ये गेला. तो सात मिनिटं आत होता. बाहेर आला तो सरळ डॉक्टरांच्या खोलीकडे वळला, बाकाकडे त्याने पाहिलं नाही.

झोया येव्सेयेव्नाने दारातून बोट वाकवलं. "रोद्या, आत ये."

टेबलावर कागदाची लांब पट्टी होती. तिने ती त्याच्यापुढे सरकवली. "डॉक्टर सांगतील ते खरं. मला विचारशील तर मी याला बससाठीसुद्धा धावू देणार नाही."

कोपिलोवने पट्टी पाहिली. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

"तुझ्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे," ती चिमटे पुसत म्हणाली. "ग्लेबच्या मनगटावर नव्हता. चिमटा मीच लावायचे."

"मग बोललीस का नाहीस?"

"क्लबातून फोन यायचे, पोरांना लवकर सोड म्हणून. म्हटलं, दोघं धडधाकट दिसतायत." तिने चिमटे डब्यात ठेवले. "तू का नाही बोललास?"

कोपिलोवने पट्टी तिच्याकडे परत सरकवली. ती दाराकडे गेली. पुढच्या खेळाडूला हाक मारायची होती.

डॉक्टरांनी रुशानला खेळायला मनाई लिहून दिली आणि पेर्मच्या हृदयरोग रुग्णालयात पाठवायची चिठ्ठी दिली. दुपारी क्लबात कोपिलोवने हंगामाच्या यादीत बावीसऐवजी एकवीस नावं लिहिली आणि संचालकांपुढे ठेवली. संचालकांनी विचारलं, थोडं थांबता येणार नाही का. कोपिलोव म्हणाला, नाही. मग ग्लेबच्या फाइलीतले ते तीन ईसीजी कोणाचे होते, तेही त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. संचालक खिडकीबाहेरच्या गोठलेल्या नदीकडे बघत म्हणाले, यावर शुक्रवारी बोलू.

ड्रेसिंग रूमच्या दारावर त्याने उद्याच्या सरावाचा कागद लावला. रुशान आपला कप्पा रिकामा करत होता. त्याने वाचलं आणि वळून पाहिलं.

"सराव सहायक घेणार? आणि तुम्ही कुठे?"

"पेर्मला."

"मला सोबत लागत नाही. मी काही म्हातारा नाही."

"तू एकटा जाऊ शकतोस. मी त्याच बसने येतोय, इतकंच."

रुशानने बूट पिशवीत भरले. थोड्या वेळाने विचारलं, "तिकडे उपाशीपोटी जायचं असतं का?"

"चिठ्ठीत लिहिलंय. चहासुद्धा नाही."

पेर्मची पहिली बस उद्या सकाळी सहा पन्नासला बंदराच्या थांब्यावरून सुटते. तपासणीची वेळ अकरा वीसची आहे.