कथील नाही म्हणजे नाही

जेबेझ ट्रेगिडगाच्या चार नोकऱ्या गेल्या, आणि चारही तोंडामुळे, असं त्याची बायको लव्हडे सांगायची. कॉर्नवॉलमधल्या एका औषधाच्या दुकानात, रक्तशुद्धीच्या काढ्यात नुसती काकवी आहे, हे त्यानं गिऱ्हाइकासमोरच सांगितलं. मग दारूच्या भट्टीवर लागला, मालकाशी भांडला. पुढे मास्तर झाला. पृथ्वी सहा हजार वर्षांहून कितीतरी म्हातारी आहे म्हणाला, तर प्रार्थनागृहातल्या मंडळींनी त्याला शाळेची पायरी चढू दिली नाही.

खाणीवर धातू पारखायला मात्र अकरा वर्षं टिकला. कथील निघत होतं तोवर खरं बोलणं कुणाला जड गेलं नाही. मग ते संपलं.

"लिही, सहाशे फूट खाली कथलाची दांडगी शीर आहे," खाणीचा कारभार पाहणारे कॅप्टन हॉस्किंग म्हणाले. त्यांना पैसे घालणारे नवे भागीदार हवे होते.

"नाही लिहिणार. शीर नाहीये."

"तुझ्या बापाचं काय जातं रे?"

"माझ्या नाही, ग्रेस नॅनकिव्हेलचं जातं. नवरा गेला तुमच्या खाणीत, आता साठवलेलं तरी ठेवा तिच्याकडे!"

त्याच आठवड्यात खाणावळीत पैसे घालू पाहणाऱ्यांची सभा भरली. कॅप्टननी एक चमचमता दगड वर धरला. मागून जेबेझ उठला, दगड हातात घेऊन त्यानं चाटून पाहिला.

"हा आपला नव्हे. हे टपोरे पांढरे दाणे समुद्राकडच्या कड्यातले. आपल्या तळात काळा पाटीचा दगड आहे. झॅकीबाबा, दाखवा."

खाणीतला जुना कामगार असलेल्या म्हाताऱ्या झॅकीबाबानं स्वतः तळातून फोडून आणलेल्या दगडाची पूड पुढे केली. जेबेझनं ती फावड्यावर घेतली, पाणी घातलं, सगळ्यांसमोर हिंदकळवली. कथील जड, ते मागे राहतं. पाणी ओसरलं, तर फावडं स्वच्छ.

ग्रेसनं आपली पैशांची थैली उचलली आणि ती चालू लागली. तिच्यामागे बाकीचे.

"या भागात तुला कुणी काम देणार नाही!" कॅप्टन ओरडले.

"नका देऊ."

घरी येऊन त्यानं दारावर पाटी लावली: 'दगड, माती, पाणी तपासून मिळेल. उत्तर आवडेलच असं नाही.'

वर्षाच्या आत खाण बंद पडली. कामं गेलेल्यांनी राग जेबेझवर काढला; सॅम कर्नोनं तर दिवसाढवळ्या खिडकीवर धोंडा घातला. काचा झाडता झाडता लव्हडे रडकुंडीला आली. "चल ना रे, दुसऱ्या गावी जाऊ."

"मी का जाऊ?" तो म्हणाला. पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. खाणीतली ती माणसं त्याचीच होती.

दोन वर्षांनी सॅम दारात उभा. हातात पाण्याची बाटली, नजर खाली. घरात तिघं आजारी होते.

जेबेझनं पाणी तपासलं. "सोमल आहे, विषच. खाणीच्या जुन्या भट्टीतून झिरपतंय. आजच विहीर बुजव."

"अरे, दुसरी विहीर सात शेतं पलीकडे आहे!"

"मग चालायला लाग. आणि थांब, एक बादली मी घेतो."